मस्कतचं सिम

४ फेब्रु., मंगळवार
रविवारच्या पानावर लिहिलंय, "दादाने सिम मोडलं." चूक. सिम मी मोडलं. अप्पांनी तिसरीपर्यंत घरीच शिकवलं, तेव्हाची सवय: खोडायचं नाही, दुरुस्ती खाली लिहायची.

तर झालं ते असं. माझ्या मुठीतला फोन सोडवायला दादाने माझा डावा अंगठा मागे वाकवला. कट्ट आवाज आला. मग सेफ्टीपिनने माझं मस्कतचं सिम काढलं, स्वतःच्या फोनमध्ये घालायला. मी त्याच्या मनगटाला चावले. सिम लादीवर पडलं. उचलून दाढेखाली घेतलं. तो माझा जबडा उघडत होता तरी चावत राहिले.

तिथल्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. पासवर्ड दादाला माहीत आहे. तिकडे आजारी पडले तेव्हा मीच भरवशाने सांगितलेला. तिथल्या नोकरीतली सात वर्षांची माझी बचत त्याच्या खात्यावर जायला फक्त ते सिम बाकी होतं.

५ फेब्रु.
अंगठ्याला प्लास्टर. डॉक्टरांना म्हटलं, दारात सापडला. खोटं. आई शेजारीच होती, मान हलवत.
रिक्षात म्हणते, "दे गो त्याका. भाव आसा तुजो. चाळ पाडतले, नव्या बिल्डिंगीत वाढीव जागा घेवची आसा."
"कोणाच्या नावावर?"
"तू काय गो, लगीन करून जातलंस."

७ फेब्रु., शुक्र.
मस्कतला बँकेत फोन केला. नवा नंबर जोडायला पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागेल. हे मी मोठ्याने परत म्हटलं. मूर्खपणा. दादा मोरीत दात घासत होता. तसाच बाहेर आला, तोंडाला फेस. माझा पासपोर्ट लोखंडी कपाटात टाकून कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या चेनला.
"आता जा ना. उडत जा."
कुकरचं झाकण फेकलं. त्याच्या भुवईवर बसलं. रक्त बघून बरं वाटलं. लिहायला नको, पण वाटलं.
त्याने केस धरून डोकं ओट्यावर आपटलं. दोनदा.

९ फेब्रु., रवि.
दादाने भुवईवर पट्टी लावून माझ्यासाठी चहा केला. "जाऊ दे ना यार. जॉइंट खातं काढू. अर्धं-अर्धं." आवाज अगदी लहानपणीचा. मी जवळजवळ हो म्हटलं.
"फक्त पहिले सगळे पैसे माझ्याकडे घेऊ."
कप तसाच ठेवला.

१० फेब्रु., सोम.
व्हिसा आला. पासपोर्टचा फोटो मेलमध्ये होता म्हणून जमलं. तिकीट परवा दुपारचं.
विक्रोळी स्टेशनबाहेरून हातोडा आणि छिन्नी घेतली. दुकानदार: "काय ताई, भिंत फोडताय?" हो म्हटलं. हेही खोटं.

दादा आठला साकीनाक्याला वर्कशॉपवर निघतो. आई घरीच. हातोडा बघून ती कपाटाला पाठ लावून उभी राहणार, ओळखते मी तिला. बाजूला करावं लागेल. किती जोर लावायचा ते अजून ठरवलेलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी. सकाळी साडेआठ. दादा गेलाय, आई कपाटाला पाठ लावून उभी आहे, आणि हातोडा मांडीवर ठेवून मी हे लिहितेय.