ताईचा वर्ग

ता. २ जून

ती. भावोजींना,
धाकटीचा सा. न. वि. वि.

फोन न करता मुद्दाम पत्र लिहितेय. फोनवर तुमची गाडी हं आणि बरं यांच्यापुढे सरकत नाही. कागदावर नुसतं हं लिहून पाठवायची तुम्हाला लाज वाटेल, असा माझा अंदाज आहे.

बातमी अशी की मला मुख्याध्यापिका केलंय. हसू नका. ऑर्डर हातात पडली तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. काही कळायच्या आत हात फोनकडे गेला आणि ताईचा नंबर लावूनही झाला. पलीकडे रिंग वाजायला लागली, तेव्हा कुठे भानावर आले. घाईघाईनं बंद केला. तो तुमच्याच घरात कुठेतरी वाजला असेल. तुम्ही ऐकला असेल तर माफ करा, भावोजी. चांगली बातमी आधी तिला सांगायची, मग घरी, ही लहानपणापासूनची सवय. मार्चमध्ये ती गेली, त्याला इतके दिवस झाले, तरी हाताला ते अजून कळलेलं नाही.

आता खरं काम. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सगळ्या शिक्षकांची सभा असते आणि नव्या मुख्याध्यापिकेनं त्यांना उभारी येईल असं काहीतरी बोलायचं असतं. आमचे शिक्षक दमलेत. एका तरुण बाईंनी तर बदलीचा अर्जच दिलाय. आणि मला स्वतःलाच उभारी नाही, तर ती वाटू कुठून? ताईनं आयुष्यभर पहिलीचा वर्ग घेतला आणि दर वर्षी शाळा उघडायची म्हटलं की नव्या नवरीसारखी लगबग करायची. ती काय म्हणायची हो अशा वेळी? तुम्ही एकाच घरात आणि एकाच शाळेत होतात, तुम्हाला ठाऊक असणार.

शेजारच्या काकू सांगत होत्या की तुम्ही सकाळ-संध्याकाळ चहा आणि ब्रेडवर आहात. आणि राजीनामा देताय म्हणे. त्यांच्या तोंडून कळावं, हे बरं नाही.

रागावले असले तरी तुमचीच,
धाकटी


ता. ६ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू मुख्याध्यापिका झालीस, अभिनंदन. बिचाऱ्या शाळेला शुभेच्छा.

फोन मी ऐकला. तो रोज चार्ज करून तिच्या उशीशी ठेवतो. का, ते विचारू नकोस. वाजला तसा धावत गेलो. पडद्यावर तुझं नाव पाहिलं आणि उचलता आला नाही. तेव्हा माफी मागायचीच तर दोघंही मागू.

राजीनाम्याचं खरं आहे. मसुदा तयार आहे, फक्त नेऊन द्यायचाय. माझे दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर असतात, तुला माहीत आहे. जिन्याकडे जायचं तर नळाशेजारच्या तिच्या वर्गावरूनच जावं लागतं. इतकी वर्षं रोज सकाळी मी त्या दारावरून जायचो. ती मान वळवून बघायची नाही, फळ्यावर लिहिता लिहिता खडूचा हात जरासा वर करायची. तेवढ्यावर माझा दिवस जायचा. आता त्या दारावरून मला जाता येणार नाही. परीक्षेचे तपासलेले पेपर द्यायला गेलो होतो, तेव्हा मागच्या भिंतीकडून वळसा घालून गेलो, चोरासारखा.

आमच्या मोठ्या बाई घरी येऊन गेल्या. सभेत सर्वांत जुना शिक्षक म्हणून मी बोलावं, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. पहिलीला अजून कोणी मिळालं नाही, नव्या बाई ऑगस्टमध्ये येतील, तोवर काय करायचं याची चिंता करत त्या गेल्या.

ताई काय म्हणायची, विचारतेस. भाषणबिषण काही नाही. शाळा उघडायच्या आधीचे दोन-चार दिवस मात्र घरात धड जेवता यायचं नाही. भाजी करपली तरी हिचं नव्या मुलांची नावं मोठ्यानं पाठ करणं चालूच. एकदा वैतागून विचारलं, इतकी वर्षं झाली तरी अजून कसली ही धडधड? तर म्हणाली की माझी कितवी का असेना, त्यांची तर पहिलीच आहे. एवढंच. तुझ्या सभेला पुरेल असं वाटत नाही.

यंदा घरात कुणी नावं पाठ करत नाही. स्वयंपाकघरात फ्रीज तेवढा बोलतो.

तुझा,
भावोजी


ता. ९ जून

ती. भावोजींना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शाळेत वाचलं, ही चूक झाली. शिपाईमामांनी दोनदा येऊन पाणी ठेवलं आणि काही न विचारता गेले.

पण रडून झाल्यावर मला तुमचा राग आला, तो सांगते. ताई गेली आणि तिचा वर्ग रिकामा आहे, हे तुम्ही इतक्या शांतपणे लिहिलंत, जणू हवामानाचा अंदाज. तिथे येणाऱ्या मुलांना बाई नाहीत आणि तुम्ही वळसा घालून जाताय.

ताई तुमच्यामागे काय म्हणायची, ते आज फोडतेच. म्हणायची की आमचे हे दहावीला शिकवतात, कारण ती पोरं आयती घाबरलेली मिळतात. पहिलीत एक दिवस उभे राहिले तर मधल्या सुट्टीतच घरी पळून येतील. आम्ही दोघी पोट धरधरून हसायचो. तुम्ही पलीकडच्या खोलीत पेपर तपासत असायचात आणि आवाज कमी करा म्हणायचात.

तेव्हा राजीनामा द्यायचा तर द्या. पण ती खरं बोलत होती की नाही, हे निदान मला कळवा.

माझं भाषण लिहून झालं. चांगलं चार पानी आहे. दीपस्तंभ, शिल्पकार, राष्ट्राचा पाया, सगळं आलंय. वाचून मलाच जांभई आली.

नीट जेवत जा. माझ्यासाठी नाही, त्या काकूंचं तोंड बंद व्हावं म्हणून तरी.

तुमची,
धाकटी


ता. २० जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ती खरं बोलत होती. मधल्या सुट्टीत मी खरोखरच फाटकापर्यंत गेलो होतो.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मोठ्या बाईंकडे गेलो. राजीनामा खिशात होता, तो खिशातच राहिला. नव्या बाई येईपर्यंत पहिलीचा वर्ग मला द्या, म्हटलं. माझ्या डोक्यावर परिणाम झाला की काय, अशा नजरेनं त्यांनी पाहिलं.

पहिल्या दिवशी दाराशी क्षणभर उभा राहिलो. आत गेलो. एक पोरगा हमसून हमसून रडत होता. मी माझ्या नेहमीच्या आवाजात शांत बस म्हणालो. तो शांत झाला नाहीच, उरलेला सगळा वर्ग रडायला लागला. एकाची चड्डी ओली झाली. एकानं दप्तर पाठीला लावलं आणि सरळ चालू लागला, त्याला व्हरांड्यातून धरून आणलं. मी फळ्यावर एक ते दहा लिहिले, तर एकीनं एकच्या आकड्याकडे बोट दाखवून विचारलं की ही शेपटी कशाची आहे. एकाच वेळी चौघांना पाणी हवं होतं. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज पूल बांधतात, धाकटी, आणि मला एक बुटाची लेस बांधून होईना. हात टेकले.

मग एक मुलगी जवळ आली. दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. तिनं विचारलं की बाई कुठायत. तिचा मोठा भाऊ ताईकडे शिकलाय, आणि त्यानं हिला वर्षभर सांगून ठेवलं होतं की पहिलीत गेलीस की तुला त्या बाई मिळतील, त्या अजिबात ओरडत नाहीत. मी म्हटलं, बाई नाहीत. तिनं विचारलं, मग कधी येतील? मी खाली जमिनीवरच बसलो. ती माझ्याकडे बघत म्हणाली की बरं, त्या येईपर्यंत तुम्ही शिकवा.

आणि मी हो म्हणालो.

तेव्हापासून ती रोज सकाळी दाराकडे बघते. मग मीही बघतो. शपथ घेऊन सांगतो, एखाद्या सकाळी मला खरंच वाटतं की तुझी ताई येईल, पर्स टेबलावर ठेवेल आणि म्हणेल की उठा आता, पुरे झाला तुमचा गोंधळ. हे किती वाईट आहे, ते मला कळतं. पोरीला काय सांगू? तुला लहान मुलांची सवय आहे, लवकर लिही.

तुझा गोंधळलेला,
भावोजी


ता. २४ जून

ती. भावोजींना,
सा. न. वि. वि.

आधी तुम्हाला एक गोष्ट सांगते. ताईनं कधी सांगितली असेल की नाही, माहीत नाही.

आई गेली तेव्हा मी त्या तुमच्या वेण्यावालीएवढीच होते. घरातल्या सगळ्या मोठ्यांनी ठरवून मला सांगितलं की आई बाहेरगावी गेलीय, लवकरच येईल. मी खिडकीच्या कठड्यावर बसून राहायचे. जेवायला उठवलं तरी उठायचे नाही, मी उठले आणि नेमकी तेवढ्यात आई आली तर? किती दिवस गेले कोण जाणे. शेवटी एका दुपारी ताई आली. तीही फार मोठी नव्हती, परकर सावरत कठड्यावर चढली, मला मांडीवर घेतलं आणि म्हणाली की आई येणार नाही, कधीच येणार नाही, ती वारली. पण मी आहे आणि मी कुठे जात नाही. मी तिला चावले, भावोजी. दंडाला कडकडून चावले. तिनं मला तसंच धरून ठेवलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

मोठ्यांनी प्रेमानंच खोटं सांगितलं होतं. पण त्या खिडकीतून मला उतरवलं ते ताईनं. तुमच्या पोरीला सांगा. चावली तर चावू द्या.

आता मी कुठे जात नाही म्हणणारी तीही गेली. आज मला खिडकीतून कोण उतरवणार, असं मनात येतं. मग समोर शाळेची घंटा होते आणि उठावं लागतं.

सभेचं राहिलंच. उभी राहिले, चार पानं उघडली, समोर पाहिलं तर सगळे घड्याळाकडे बघताहेत. दीपस्तंभापर्यंत पोचलेच नाही. पानं ठेवून दिली आणि सांगितलं की माझी बहीण गेली आणि यंदा मला शाळेत यावंसं वाटत नाही. आणखी कुणाला वाटत नसेल तर हात वर करा. मग चित्रकलेच्या सरांनी हात वर केला, मग आणखी दोघींनी, मग बघता बघता निम्म्यांनी. खेळाच्या सरांनी मात्र सांगितलं की त्यांना फार यावंसं वाटतं, कारण घरी सासरकडचे पाहुणे मुक्कामाला आहेत. एवढे हसलो की काही जणींना डोळे पुसावे लागले. शेवटी मी ताईचं ते वाक्य सांगितलं, आपली कितवी का असेना. एवढंच बोलून खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण सभा संपली तरी बराच वेळ कुणी उठेना, आपापसांत बोलत बसले.

बदली मागितलेल्या बाई नंतर माझ्या खोलीत आल्या. म्हणाल्या की आपल्याला एकटीलाच असं होतं, असं त्यांना वाटत होतं. अर्ज काही मागे घेतला नाही. पण त्यांच्या वर्गात आता हसू ऐकू येतं, ते मी व्हरांड्यातून ऐकते.

वाट बघतेय पत्राची,
तुमची धाकटी


ता. ११ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

उशीर झाला, कारण सांगण्यासारखं होईपर्यंत थांबलो.

पोरीला सांगितलं. तिच्या बाकावर शेजारी बसून, तू लिहिलंस तसं सरळ. बाई वारल्या, त्या येणार नाहीत, त्या माझ्या घरच्या होत्या आणि मलाही त्यांची फार आठवण येते. ती चावली नाही. पुष्कळ वेळ पेन्सिल चघळत बसली. मग तिनं विचारलं की बाईंना घोडा काढता यायचा का, भाऊ म्हणतो की यायचा. मी म्हटलं, यायचा. तुम्हाला? मला नाही येत. यावर तिनं मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडला.

मागच्या बाकावरच्यानं हे ऐकलं आणि आमचा कुत्रा मेला म्हणून सांगितलं. मग एकीचे आजोबा, एकाचा मासा, कुणाची न पाहिलेली आत्या. अंकगणिताचा अख्खा तास आम्ही आपापली गेलेली माणसं सांगत होतो. कुणी रडलं नाही. रांग लावून सांगत होती पोरं. माझी पाळी आली तेव्हा मी पुन्हा तुझ्या ताईचंच सांगितलं आणि त्यांनी पुन्हा ऐकून घेतलं. मोठ्यांत इतकं कोण ऐकून घेतं गं?

दुसऱ्या दिवसापासून दाराकडे बघणं थांबलं. तिचं. माझं थांबायला आणखी काही दिवस लागले.

काल नव्या बाई आल्या. वय तुझ्या मुलीएवढं. दाराबाहेर पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या की रात्रभर झोप नाही, मला हे जमेल का, तुम्ही इतके अनुभवी. मी सांगितलं की माझाही या वर्गाचा अनुभव दोनच महिन्यांचा आहे आणि पहिल्या दिवशी मी फाटकापर्यंत पळालो होतो. त्यांना आधी खरं वाटेना, मग खुदकन हसल्या. पहिल्या दिवशी काही शिकवू नका, म्हटलं. खाली बसा. तुम्ही भ्यायलात तर त्यांना तसं सांगा, ती तुम्हाला सांभाळून घेतील. मला घेतलं. मग त्यांना आत नेलं, मुलांशी ओळख करून दिली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

जिन्याजवळ उभा राहिलो. वर दहावीचा वर्ग माझी वाट बघत होता, राजीनाम्याचा कागद केव्हाच फाडून टाकला होता. आतून बाईंचा आवाज आला, अगदी हलका, घाबरलेला. पोरं हसली. मग तो आवाज जरा मोठा झाला. तेवढं ऐकून वर गेलो आणि दिवसभर नीट शिकवलं.

संध्याकाळी घरी आलो, चप्पल काढली आणि तिथेच दारात बसून रडलो. मार्चपासून रडलोच नव्हतो, धाकटी, हे मलाही तेव्हाच कळलं. चांगलं मोठ्यानं, काकूंना ऐकू जाईल इतकं रडलो. मग उठलो, तोंड धुतलं. आणि सपाटून भूक लागली. भात टाकला, डाळ टाकली, आणि हात जुन्या अंदाजानंच चालत होता त्यामुळे दोघांपुरतं झालं. सगळं जेवलो.

सुट्टी लागली की मुलांना घेऊन ये. तुझ्याशी बोलायचं खूप साठलंय, कागदावर मावत नाही.

तुझा,
भावोजी