बीटाचे पेढे

वाळूज, शनिवार

ती. सुलेखाअक्का आणि भाऊजींना धाकट्या धम्मपालचा मनापासून जयभीम. तुझी कंबर, भाऊजींची शुगर आणि तुमची म्हैस, तिघीही ठिकाणावर असतील असं धरून चालतो. (म्हशीची चौकशी आईनं लिहायला लावली, बाकी दोन्ही माझ्या मनाच्या.) मोबाइल असताना कागद का काळा केला म्हणशील, तर आईला फोन स्पीकरवर असल्याशिवाय करमत नाही, आणि हे सगळं तिच्याबद्दलच आहे.

अक्का, तनुजाचे आणि माझे दवाखान्याचे हेलपाटे चार वर्षं चालू आहेत हे तुला ठाऊक आहे. पण आईला तिथले शब्द कसे ऐकू येतात हे ठाऊक नसेल. डॉक्टरीणबाईंनी तनुजाला ‘फॉलिकल स्टडी’ लिहून दिली, म्हणजे अंडं किती वाढलं ते सोनोग्राफीत बघायचं. आईनं गल्लीत सांगितलं, सून परत शिकायला लागली. (मी त्या मशीनसमोर उभा. कंपनीत माझा जॉब, म्हणजे मशीनवर कापलेला भाग, पाव एमएम चुकला तर भंगारात जातो, आणि इथं बाई म्हणतात, अठरा एमएम काय, वीस काय, दोन्ही चालतं! मला त्या नोकरीत घ्या म्हणावंसं वाटलं.) मग माझा रिपोर्ट आला, ‘मोटिलिटी’ कमी. म्हणजे काय, असं आईनं विचारलं. मी लाजत लाजत म्हणालो, पळण्याची ताकद कमी आहे. कुणाची ते सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून आईनं मला सकाळी मैदानावर पळायला लावलं, स्वतः काठी घेऊन कडेला उभी. दीड महिन्यात माझं सहा किलो वजन उतरलं.

हसतोय खरा, पण दोनदा उपचार फसला होता. दुसऱ्या वेळी तनुजा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या वेळी आम्ही कुणालाच काही सांगितलं नाही. उपचारानंतर सोळाव्या दिवशी तनुजानं तपासणीला रक्त दिलं आणि मी ड्युटीवर गेलो. दुपारी दवाखान्याचा फोन आला तेव्हा तनुजा न्हाणीत होती. फोन उचलला आईनं. पलीकडची नर्स आपल्या शहरातली, गोड दखनी बोलणारी. म्हणाली, “अम्मा, मुबारक हो! बहू का बीटा पॉझिटिव आया.”

आईनं काय ऐकलं असेल ते तुला सांगायला नको.

तनुजा केस पुसत बाहेर येईपर्यंत आई दोन किलो पेढे घेऊन अर्धी गल्ली फिरून आली होती. मुलगा हाय, दवाखान्यातून फोन आला, असं घरोघर सांगत. समोरच्या केसरबाईंनी दोन पेढे खाल्ले, एक नातवासाठी घेतला आणि सरकारी दवाखान्याच्या आशाताईंना फोन लावला, की इथं गर्भलिंग सांगायचा गुन्हा झालाय.

मी शिफ्ट संपवून घरी पोचलो तर आशाताई सरिता वही उघडून बसलेल्या. “आजी, कोणत्या डॉक्टरनं सांगितलं? नाव सांगा. आतमध्ये जातील.”

“डॉक्टरनं नाय, नर्सबाईनं,” आई छाती काढून म्हणाली. “बेटा पॉझिटिव!”

आशाताईंनी पेन ठेवलं. “आजी, बेटा नाय, बीटा. रक्ताची तपासणी हाय ती. लेकरू तिळाएवढं बी नाय अजून, त्याचं काय कळायलंय?”

अक्का, आईच्या हातात पेढ्याचा उघडा बॉक्स. मला वाटलं, आता ही रडते. आईनं तनुजाकडं बघितलं. “पर लेकरू हाय ना?”

“हाय,” तनुजा म्हणाली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

“मग पेढे कशाला माघारी घेऊ?” असं म्हणत आईनं आशाताईंच्या तोंडात एक कोंबला. ताईंना अर्धा तास काही लिहिता येईना, हसूच आवरेना. आणि आई राहिलेल्या अर्ध्या गल्लीत निघाली, या वेळी नुसतं ‘लेकरू हाय’ म्हणत.

भाऊजींना जयभीम, भाच्यांना पापे.

तुझा,
धम्मपाल

ता. क. – खरं काम आता लिहितो. आईला दोन महिने तुझ्याकडं गंगापूरला ने. ती तनुजाला पलंगावरून पाय खाली टेकवू देत नाही, दिवसाला चार डिंकाचे लाडू चारते, आणि मिक्सर लावला की लेकरू दचकतं म्हणून पाट्यावर चटणी वाटते, तीही माझ्याकडून.

ता. क. दुसरं – तनुजानं पत्र वाचलं. ती म्हणते, आत्याबाई (म्हणजे आपली आई) कुठंही जाणार नाहीत. न्यायचंच असेल तर ह्यांना न्या.