इंटरवलपर्यंतचा सिनेमा

ओवे, ता. पनवेल
५ जानेवारी २०२५

चि. दिनानाथ,
थोरल्या भावाचे आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. व्यसनमुक्ती केंद्रात मोबाइल ठेवू देत नाहीत, त्यामुळे तीस वर्षांनी मला पत्र लिहावं लागतंय आणि तुझी वेणूवहिनी माझ्या अक्षराला हसतेय. नीट जेवतोस का ते कळव. तुझी मनिषा रागावलेली नाही, फक्त बोलत नाही. बायकोचा स्वभाव तुला नवा नाही.

तुझ्या भाविकाची हळद तेरा फेब्रुवारीला, लग्न चौदाला. मांडव, लग्नाच्या गाण्यांना धवलारीण, डीजे, सगळं ठरलं. तू सहा तारखेला केंद्रातून बाहेर पडशील. आता पुढचं कसं लिहू कळत नाही. आपल्याकडची हळद म्हणजे मांडवामागे बाटल्या फुटणारच. पाहुण्यांना नाही म्हटलं तर भावकी वर्षभर नावं ठेवील. तीन महिने कष्टाने सांभाळलेलं एका संध्याकाळी मातीत जायला नको. म्हणून वाटतं, हळदीला तू कामोठ्याला थांबावंस, आपल्या चुलतभावाच्या, परेशच्या रिकाम्या फ्लॅटवर, आणि लग्नाला थेट मांडवात यावंस. पोरीला मी समजावीन.

रागावू नकोस. माया आहे म्हणूनच लिहिलं.

तुझा दादा,
काशीराम


कर्जत
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षराबद्दल वहिनी हसते ते बरोबरच आहे. इथला चहा सोडला तर माझी तक्रार नाही.

दर शनिवारी इथे सिनेमा दाखवतात. काल दारूबंदीच्या काळातला एक काळा-पांढरा सिनेमा लावला आणि पहिल्याच दृश्याला मी ताठ बसलो. टोपी वाकडी करून विजेच्या खांबाला सासरेबुवा म्हणणारा तो बेवडा. गावातल्या हळदींना तू पनवेलहून व्हीसीआर भाड्याने आणायचास, तेव्हा दरवेळी हाच सिनेमा असायचा. मी आठ वर्षांचा, टीव्हीसमोर उभा राहून त्याची नक्कल करायचो. मांडव हसून लोटपोट व्हायचा आणि तू मला खांद्यावर घेऊन नाचायचास.

काल कळलं की त्या सिनेमाला दुसरा भाग आहे. त्याची मुलगी तापाने फणफणते, हा औषध आणायला निघतो आणि गुत्त्यावर बसून राहतो. घरी येतो तोवर ती गेलेली असते. शेवटी तो गावासमोर शपथ घेतो. पहिल्या भागाला इथली माणसं खो-खो हसत होती, नंतर कोणी हललं नाही. मला तर चाळीस वर्षं तो विनोदी सिनेमाच वाटत आला होता.

इंटरवलला तू कॅसेट बदलायचास. शेवट तुला माहीत होता का, एवढंच विचारतो.

हळदीचं तू म्हणशील तसं. मात्र पोरीला हळद लागताना बाप कुठे आहे असं कोणी विचारलं, तर काय सांगायचं ते तूच ठरव.

लोभ कमी झाला नसेल असं धरून चालतो.

तुझा,
दिना


ओवे
१९ जानेवारी २०२५

चि. दिना,
आशीर्वाद.

माहीत होता.

व्हीसीआर देणारा मुश्ताक मला म्हणाला होता की दुसरा भाग लावलास तर बायका रडतील आणि पुरुष उठून जातील. मी एकदा घरी एकट्याने पुरा पाहिला आणि त्याचं म्हणणं पटलं. तेव्हापासून इंटरवलला ती कॅसेट काढायची आणि मारामारीची घालायची.

याहून वाईट अजून सांगायचं आहे. माझ्या लग्नात तू पंधरा वर्षांचा होतास. नक्कल करताना तुझ्या हातातल्या बाटलीत मी नेहमी कोला भरायचो. माझ्या हळदीत मित्र म्हणाले, खरी दे, म्हणजे खरा झोक जाईल. मी दिली. तू तोंड वाकडं केलंस तर मी म्हटलं, "पी रं, कलाकार हायस तू." सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसलो. तुझं तोंड वाकडं झालेलं मला अजून दिसतं, दिना. तुझ्या दारूला जबाबदार मी आहे.

म्हणून हळद कोरडी करायचं ठरवलं. भावकीला सांगेन की एकवीरा आईला तसा नवस बोललोय. त्याला कोणी आडवं येणार नाही. तू हळदीला ये. माझ्या डोक्यावरचं थोडं तरी उतरेल.

क्षमा मागायलाही लाज वाटते.

काशीराम


कर्जत
२६ जानेवारी २०२५

ती. दादास,
नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. राग आला, तो लपवत नाही. पण दादा, पंधराव्या वर्षीचा तो घोट तुझा. पुढची तेहतीस वर्षं मी माझ्या पायांनी गुत्त्यावर गेलो. तेही तू आपल्या नावावर घेतलंस तर मला सोडायला काय उरलं?

देवीच्या नावाने खोटं बोलू नकोस. दिनानाथ दारू सोडतोय म्हणून हळद कोरडी आहे, असं माझं नाव घेऊन सांग. जमत नसेल तर मी कामोठ्यालाच बरा.

आणि पुरा पाहूनही त्या सिनेमात एक खोट आहे. त्यात एकच माणूस पितो आणि तो पहिल्यापासून झोकांड्या खातो. तू रोज साडेसातला ओटीवर बसतोस, तीन ग्लास घेतोस, सरळ चालत जेवायला उठतोस. म्हणून गावात मी बेवडा झालो आणि तू काशीशेठ राहिलास. घरात आणखी कोण पितं, असं इथले डॉक्टर विचारतात. मी इतके दिवस कोणी नाही म्हणून सांगत आलो. या आठवड्यात तुझं नाव सांगितलं.

याउपर तुझी माया राहील का, मला ठाऊक नाही. माझी आहे.

दिना


ओवे
२ फेब्रुवारी २०२५

चि. दिना,
मी सांगतोय आणि वेणू लिहितेय. माझ्या हातात पेन ठरत नाही.

तुझ्या पत्राने भयंकर संतापलो. वेणूला विचारलं, मी कधी झोकांडी खाल्ली का. ती म्हणाली, "नाय खाल्ली. पन पिल्याबिगर तुमची येक सांज गेली का?" त्या मंगळवारी बंद केली. गुरुवारी हात इतके थरथरायला लागले की डॉक्टरला बोलवावं लागलं. त्याने औषध दिलं आणि न विचारता अशी एकदम सोडू नका म्हणून मला चांगलंच झापलं. मी कोण आहे ते अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं, दिना. तुला घरात सगळे बोलायचे तेव्हा मी त्यांच्यात पुढे असायचो, याची आता फार शरम वाटते.

काल भावकी बसली. नवसाचं काढलं नाही, तुझं नाव घेऊन सांगितलं. एका माणसापायी सगळ्यांची मजा का घालवता, असं परेशने विचारलं. एक नाही, दोघं आहोत, असं मी म्हटलं. पाच घरं हळदीला येणार नाहीत. बाकीची येतील.

भाविकाला हळद लागेल तेव्हा तू तिच्याजवळ पाहिजेस. दुसरं कोणी चालणार नाही.

सहा तारखेला तुझी खाट रिकामी होईल. ती माझ्यासाठी ठेवतील का, तेवढं डॉक्टरांना विचार. लग्न उरकलं की पंधराला निघू. तूच सोडायला चल. वाटेत मी गाडी वळवायला सांगेन. वळवू नकोस.

तुझा,
काशीराम