रावसाहेबांच्या लॅपटॉपला वेग आला

धायरी, पुणे

ती. उल्काआत्यास,

श्यामसुंदरचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्यांनाही नमस्कार, पण त्यांना उभ्यानेच. (मागच्या पत्रात त्यांची विचारपूस राहिली, तर तू थेट आईकडे तक्रार केलीस.) खडकीत थंडी कशी आहे? आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण सध्या आमच्या सोसायटीत माणसं नोटीसबोर्डाकडे न बघता भिंतीच्या कडेकडेने जिना चढतात. फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर तू मध्येच माझे शब्द सुधारतेस, आणि भुताची गोष्ट अशी थांबत थांबत सांगता येत नाही.

आमचे सचिव रावसाहेब तुला आठवत असतील. माझ्या वास्तुशांतीला तुझी रिक्षा फाटकात उभी राहिली म्हणून पंगत चालू असताना त्यांनी सूचना लावली होती, 'फाटक हे येण्याजाण्यासाठी असते.' तू म्हणालीस, माणूस उद्धट आहे पण शुद्धलेखन निर्दोष आहे. तर ते गेल्या वर्षी गेले. सचिवपद माझ्या गळ्यात पडलं आणि त्यासोबत त्यांचा लॅपटॉपही. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी कुमुदकाकूंनी दार लावून घेतलं ते घेतलंच. खाली उतरणं बंद, बोलणं म्हणजे 'हं' आणि 'नको'. विश्रांतवाडीला असते ती त्यांची मुलगी तनुजा म्हणाली, आईला आता इथे ठेवत नाही, घेऊन जाते. काकू त्यालाही 'हं' म्हणाल्या. मला वाईट वाटलं, आत्या. ज्या बाईने आयुष्यभर रावसाहेबांना उलट उत्तरं दिली, तिने नुसतं 'हं' म्हणावं हे बघवत नव्हतं.

आता लॅपटॉप. तो सुरू करायचा म्हणजे सोसायटीच्या कचेरीत बटण दाबून घरी यायचं, आंघोळ उरकायची, देवपूजा करायची आणि मग जाऊन बघायचं. तोवर आतली हार्ड डिस्क घशात काहीतरी अडकल्यासारखी खाकरत बसलेली असे. (रावसाहेबही असेच खाकरत. तेव्हा याचं काही वाटलं नाही.) शेवटी सिंहगड रस्त्यावरच्या जब्बारभाईंना दाखवला. ते म्हणाले, यंत्र धडधाकट आहे, फक्त डिस्क थकली आहे. तिच्याऐवजी एसएसडी, म्हणजे नव्या जातीची बिनआवाजाची डिस्क टाकू, मग बघा. वर एकच प्रश्न विचारला, सगळं नव्याने भरू की जुन्यातलं जसंच्या तसं उचलून ठेवू? दुसरीकडे कुठेही माणसाने जागच्या जागी उत्तर दिलं असतं. मी म्हटलं, कार्यकारिणीला विचारून सांगतो. ज्या कार्यकारिणीला गच्चीच्या गळतीसाठी कधी वेळ मिळाला नाही, ती या प्रश्नावर तातडीने जमली आणि ठराव झाला, 'कै. रावसाहेबांच्या कामकाजातील काहीही टाकून देऊ नये.' जब्बारभाईंनी ठराव शब्दशः पाळला.

लॅपटॉप परत आला तो मुका होऊन. जिन्याखालच्या आमच्या कचेरीत सकाळी मी बटण दाबलं. ना खाकरणं, ना घरघर. नेहमीप्रमाणे घरी जायला वळलो, तर पडदा आधीच उजळून तयार होता, माझीच वाट बघत असल्यासारखा. तेवढ्यात मागे प्रिंटरने कागद ओढून घेतला. मी काही छापायला दिलं नव्हतं. (मला छापता येतही नाही.) कागद सावकाश बाहेर आला: 'सूचना. चपला जिन्यात काढू नयेत. जिना हे दुकान नव्हे. सचिव.' मी तो घेतला आणि आज्ञाधारकपणे बोर्डावर लावला. घाबरलेला माणूस सवयीचंच काम करतो.

जब्बारभाईंचं म्हणणं, यात काही नाही. रावसाहेब छापायचा हुकूम द्यायचे, डिस्क अडकायची, ते वैतागून सूचना हाताने लिहायचे, आणि हुकूम आत रांगेत पडून राहायचा. आता वाट मोकळी झाली, म्हणून निघतायत. मग सगळ्या एकदम का नाही, रोज सकाळी एकच का, असं मी विचारल्यावर ते म्हणाले की दुकानात गिऱ्हाईक आहे.

पुढची सूचना होती, 'पाणी येणार नाही. कारण विचारू नये.' आम्ही हसलो, आणि पाणी आलं नाही. त्यानंतरची होती, 'लिफ्टमध्ये कुत्रा येणार असेल तर मालकाने जिन्याने यावे.' आत्या, रावसाहेब होते तोवर आमच्या इमारतीत कुत्रा नव्हता. आता आहे तो यंदाच्या नव्या भाडेकरूंबरोबर आला. मी म्हटलं, दूरदृष्टीचा माणूस, आधीच लिहून ठेवलं असेल. दुसऱ्या दिवशी कागद आला, 'सचिवांनी खुर्चीत मांडी घालून बसू नये.' मी पाय खाली सोडले. फरशी नको तितकी गार लागली. त्या दिवसापासून कचेरीत मी पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेला टेकून बसतो.

आणि या सगळ्यात एका सकाळी कुमुदकाकू खाली आल्या. चापूनचोपून नेसलेल्या, चष्मा पुसून. कुत्र्याची सूचना त्यांनी बोट ठेवून वाचली.

"ह्यांचंच आहे," त्या म्हणाल्या. "एवढं गोड दुसरं कोण बोलणार?"

तेव्हापासून रोज येतात. नवी सूचना वाचतात, कागदाला उद्देशून दोन शब्द सुनावतात, मग भाजी घेऊन वर जातात. तनुजा न्यायला आली तेव्हा तिला म्हणाल्या, ह्यांचं काम चालू आहे, मी कशी येऊ? तनुजाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच आत बसून छापतो आहे.

बाकी लोक मात्र घाबरले आहेत. आमचे खजिनदार दशरथराव, जे आयुष्यात रावसाहेबांशिवाय कुणाला घाबरले नाहीत, त्यांनी रविवारच्या सभेत मागणी केली की लॅपटॉप पुसून कोरा करा. पुसला की सूचना बंद, आणि सूचना बंद की काकूंचं दार बंद. हे मी सभेत बोलून दाखवलं. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सर्वानुमते पुसायचं ठरलं. मीही शिकलेला माणूस आहे, यंत्राला भिणं मला शोभत नाही, म्हणून उद्या तो जब्बारभाईंकडे नेतोय. तेव्हा तू काळजी करू नकोस, आणि कुणाकडून अंगाराही पाठवू नकोस.

तुझा,
श्यामसुंदर

ता. क. : लॅपटॉप नेला नाही. नेण्याआधीच रांग संपली. आज बटण दाबलं, प्रिंटर गप्प. काकू आल्या, कोऱ्या बोर्डासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, भाजी न घेताच वर गेल्या, आणि मी दाराची कडी लागलेली ऐकली. आता खरं तर एवढ्याचसाठी हे पत्र पाठवतोय. शाळेत शिकवत असताना मुलांच्या वह्यांवर तू जे शेरे मारायचीस त्यांची धास्ती अजून खडकीत आहे. तशा थोड्या सूचना लिहून पाठव. जिना, पाणी, कुत्रा, काहीही चालेल. मी छापायला शिकतो आणि खाली 'सचिव' घालतो. ती सही आता कायद्याने माझीच आहे. काकूंना कळणार नाही.

ता. क. दुसरा : पाकीट अजून चिकटवलं नाही. वरचा मजकूर मी घरी, हाताने लिहिला, कुणाला दाखवला नाही. आज सकाळी कचेरी उघडली तेव्हा लॅपटॉप बंद होता. प्रिंटरची वायर मी कालच काढून खिळ्याला टांगली होती, ती तशीच टांगलेली होती. ट्रेमध्ये एक कागद होता: 'सूचना. माझ्या नावाने इतरांनी लिहू नये. विशेषतः खडकीहून. सचिव.'

मी तो घडी करून खिशात घालणार, तोच जिन्यावर पावलं वाजली. काकूंनी माझ्या हातातून कागद घेतला, दोनदा वाचला, कधी नव्हे ते मनापासून हसल्या, आणि मला विचारलं, "खडकीला कोण असतं रे तुझं?"

काय सांगू ते लिहून कळव. किंवा नकोच लिहूस.