ड्युटी सोपवताना

आपा,

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होत आली. तुम्ही असताना मी तुम्हाला रजेच्या अर्जांशिवाय कधी काही लिहिलं नाही, आणि त्यातले निम्मे अर्ज तुम्ही माझं शुद्धलेखन दुरुस्त करून परत पाठवलेत. हॉस्पिटलात सगळे तुम्हाला मेट्रन मॅडम म्हणायचे. मी नवीन असताना एकदा माझ्या तोंडून चुकून ‘आपा’ निघालं. खुलताबादजवळच्या आमच्या गावात शेजारच्या घरातली थोरली मुलगी आम्हा सगळ्यांची आपा होती, त्यामुळं तो शब्द जिभेवर बसलेला. तुम्ही चष्म्यावरून नुसतं बघितलंत आणि पुढं बोलायला लागलात. मग मी तेच चालू ठेवलं.

आज सकाळी लवकर ऑफिसात येऊन बसले आहे आणि तो जुना वॉर्ड आठवतोय. औरंगपुऱ्याजवळचं आपलं ते धर्मादाय हॉस्पिटल, सहा वॉर्ड, आणि तिथली मी, सहा वर्षं स्टाफ नर्स म्हणून काम करून पुण्याहून व्यवस्थापनाचा कोर्स करून आलेली. ट्रस्टींनी मला पहिलंच मोठं काम दिलं होतं, ओव्हरची पद्धत बदलायची. पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला एकेका पेशंटची हकीकत सांगते, त्याला आपण ओव्हर म्हणायचो. तो टेबलाशी उभ्या उभ्या, पर्स खांद्याला लावून व्हायचा. मी ठरवलं, तो प्रत्येक खाटेपाशी व्हायला हवा आणि छापील फॉर्मवर व्हायला हवा. मी बावीस चौकटींचा फॉर्म तयार केला. दोन दिवस प्रशिक्षण घेतलं, भिंतींवर तक्ते लावले आणि सहाही वॉर्डांत एकाच सोमवारी नवी पद्धत सुरू होईल असं जाहीर केलं. तुम्ही फॉर्म उलटसुलट करून पाहिलात आणि एवढंच विचारलंत, की हा कुणी मागितला होता का. मी म्हणाले, सुधारणा कुणी मागत नसतं, ती करावी लागते. ते वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात.

तीन आठवड्यांत सगळे फॉर्म भरलेले येऊ लागले आणि मी खूश होते. मग एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉर्डात मला दिसलं, की फॉर्म भरून झाल्यावर दोघी नर्सा बेसिनपाशी जाऊन उभ्या राहतात आणि एका चोपडीतून वाचून खरा ओव्हर तिथं देतात. चोपडी त्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरची होती, वीस वर्षं तिथंच काढलेल्या. त्या जेवायला गेल्या तशी मी ती ड्रॉवरमधून काढली आणि पुरावा म्हणून तुमच्या टेबलावर आणून ठेवली. तुम्ही तिला हातसुद्धा लावला नाहीत.

“विचारून आणलीस?” तुम्ही म्हणालात.

मी नियमाबद्दल काहीतरी सांगू लागले.

“आधी जिथून उचलली तिथं ठेवून ये. अन्‌ उद्यापासून आठ दिवस युनिफॉर्म घाल. त्याच वॉर्डात, सकाळची ड्युटी. फॉर्म बनवणाऱ्या बाईनं फॉर्म भरून बघायला पाहिजे ना, बेटा?”

त्या दिवशी मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले. मला ती शिक्षा वाटली, आणि ज्युनिअर मुलींसमोर पुन्हा युनिफॉर्म घालायचा म्हणजे अपमानच. आठ दिवस मी त्या वॉर्डात राबले. मोठ्या सिस्टर माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. चौथ्या दिवशी नऊ नंबरच्या खाटेवरचे चाचा, साखरेचा आजार, जेवल्याबरोबर इन्सुलिन द्यायचं. सकाळी रात्रपाळीकडून फॉर्म घेतला तेव्हा आहाराच्या चौकटीत ‘व्यवस्थित’ लिहिलेलं होतं. साडेबाराला मी त्यांना विचारते, जेवलात का चाचा, आणि ते हसून म्हणतात, “व्हय, पोटभर.” मी इंजेक्शन भरते. सुई त्यांच्या दंडाजवळ गेली तेव्हा मोठ्या सिस्टर मागून आल्या, माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाल्या, “ताट बघितलं का?” त्यांनी वाकून खाटेखालचा पेपर बाजूला केला. खाली ताट होतं, भात, वरण, दोन पोळ्या, सगळं तसंच. चाचा रोज ते बायकोसाठी ठेवत. ती अजिंठ्याकडून यायची आणि चार वाजता भेटायला आत सोडली की ते खायची. चोपडीत नऊ नंबरपुढं तीन शब्द होते: ताट बघून इंजेक्शन. माझ्या बावीस चौकटींत त्याला जागा नव्हती. त्या माणसाला उपाशीपोटी इन्सुलिन गेलं असतं तर साखर उतरून काय झालं असतं, ते मला सिस्टरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. परीक्षेत माझा पहिला नंबर होता.

मी तुमच्याकडं येऊन सगळं सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत, शाबासकीही दिली नाहीत. चाचींना दुपारचं ताट सुरू करायला स्वयंपाकघरात निरोप धाडलात आणि मला रविवारी घरी यायला सांगितलंत. सिटी चौकाच्या मागच्या गल्लीतलं तुमचं घर, दोन पायऱ्या उतरून स्वयंपाकघर. मी पाटावर बसले आहे आणि तुम्ही चहाचं आधण ठेवून साखर शोधताय. ओट्यावर एकसारखे नवे डबे रांगेनं लावलेले, प्रत्येकावर चिठ्ठी. तुम्ही एक उघडलात, त्यात रवा. दुसरा उघडलात, मीठ. चष्मा दुसऱ्या खोलीत होता. माझ्यासमोर अख्खं हॉस्पिटल चालवणारी बाई स्वतःच्या ओट्यापाशी पाहुण्यासारखी उभी होती. शेवटी तुम्ही सुनेला हाक मारलीत, तिनं येऊन साखर काढून दिली आणि गेली.

“सून चांगली हाय,” तुम्ही म्हणालात. “डबे पण चांगले हायेत, मुंग्या लागत नाय आता. पण तीस साल मी इथं डोळे मिटून चहा केला. आता मला माझ्याच घरात विचारावं लागतं. राग डब्यांचा नाय येत. आपण एकदम अडाणी झालो, त्याचा येतो.” मग चहा गाळताना, माझ्याकडं न बघता, “तुझ्या त्या सिस्टरला वीस साल सगळं येत होतं. एका सोमवारी तू तिला नवशिकी केलंस. तिला विचारलंस का, काय काय येतं तुला?”

मी विचारलं नव्हतं. पुण्याच्या कोर्समध्ये आम्हाला विरोधाचे प्रकार शिकवले होते, तो कसा ओळखायचा आणि कसा मोडून काढायचा. मोठ्या सिस्टर माझ्या वहीत ‘विरोध’ या रकान्यात होत्या.

सोमवारी मी त्यांना जाऊन म्हणाले, की चोपडी उचलली ते चुकलं, आणि तुमची हरकत नसेल तर ती मला तुमच्यासोबत वाचायची आहे. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चोपडी माझ्यासमोर सरकवली आणि डबा उघडून बसल्या. आम्ही दोघींनी मिळून नवा फॉर्म केला. बावीसच्या नऊ चौकटी राहिल्या आणि खालचा अर्धा कागद कोरा ठेवला. बाकी पाच वॉर्डांत जुनी पद्धत परत आणायची, हे तुम्ही ट्रस्टींना सांगितलंत, माझी चूक म्हणून नाही, तर पहिली खेप होती म्हणून. नवा फॉर्म एकाच वॉर्डात, एक महिना. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः ओव्हर द्यायला उभ्या राहिलात. तीन नंबरच्या खाटेपाशी तुम्ही औषधाची वेळ चुकीची वाचलीत. सगळ्यात नवीन मुलीनं, घाबरत घाबरत, “मॅडम, आठ नाही, सहा,” म्हटलं. तुम्ही कागद डोळ्यांजवळ नेलात, म्हणालात, “बरोबर. पुन्हा वाचते,” आणि पहिल्यापासून वाचलंत. त्यानंतर त्या वॉर्डात चुका सांगायला कुणी घाबरलेलं मी पाहिलं नाही. तुम्ही मुद्दाम चुकला होतात का, हे विचारायचं राहून गेलं.

सगळं गोड झालं असं नाही. पुढं एकेक करून सगळ्या वॉर्डांत नेली तरी बाळंतिणींच्या वॉर्डात ती पद्धत शेवटपर्यंत रुळली नाही. पहिल्या त्या सोमवारच्या गोंधळात एका नर्सला मी सगळ्यांसमोर बोलले होते, ती राजीनामा देऊन वाळूजच्या एका दवाखान्यात गेली. मी तुमच्याकडं सांत्वनासाठी आले होते. तुम्ही म्हणालात, “ती गेली त्यात थोडी तू पण हायेस. लक्षात ठेव, पण त्याच्यावर बसून राहू नको.”

आता मी जालना रोडवरच्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. इथं सगळं कागदावरून कॉम्प्युटरवर नेण्याचं काम माझ्याकडं आहे. कुठल्याही खात्यात काही बदलायच्या आधी मी पंधरा दिवस तिथं नुसती बसते, लोक काय करतात ते बघते, त्यांच्या चिठ्ठ्या आणि चोपड्या मागून वाचते. बाहेरून आलेले सल्लागार विचारतात, की वेळापत्रकात या पंधरा दिवसांना काय नाव द्यायचं. मी ‘तयारी’ लिहायला सांगते. नवी पद्धत सुरू होते त्या दिवशी पहिली नोंद मी सगळ्यांसमोर करते, आणि मला चुकायला मुद्दाम प्रयत्न करावा लागत नाही. लोक म्हणतात, मॅडमच्या हाताखाली बदल जड जात नाही. ते तुमचं आहे, आपा. मी तुम्हाला हे कधी तोंडावर म्हटलं नाही. तुम्ही म्हणू दिलंही नसतं.

आज अकरा वाजता मला तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये जायचं आहे. तिथं पाच माणसं जुने केसपेपर सांभाळतात. ती खोली पुढच्या महिन्यात बंद होणार. तिघांना नोंदणीच्या खिडकीवर जागा आहे, दोघांचं अजून ठरलेलं नाही. वरून सांगणं आहे, की शेवटच्या आठवड्यापर्यंत बोलू नका. मी काल कळवलं, की मी आजच बोलणार आहे, आणि दोघांचं ठरेपर्यंत खोली बंद करू देणार नाही. हे लिहिलेलं मी टेबलाच्या खणात ठेवून उठेन.

पण खोली बंद होणार हे मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे. पंधरा दिवस मी त्या खोलीवरून जाणं टाळून मागच्या जिन्यानं वर येते. त्यांच्यातले सगळ्यात जुने काका परवा गेटवर भेटले आणि म्हणाले, मॅडम, हल्ली दिसत नाही तुम्ही, तब्येत बरी नव्हती का. मी म्हणाले, हो काका, जरा बरं नव्हतं.