दुसरा तंग

नाना,

त्या दसऱ्याला माळावर घोडीचं खोगीर फिरलं, ते म्हाताऱ्या मोतद्दारामुळे नव्हे, माझ्यामुळे. तुम्ही त्यांना मंडळातून काढलंत तेव्हा मी दारात ताकाची कळशी धरून उभी होते, आणि बोलले नाही. एवढंच सांगायचं आहे. तुमच्या हयातीत हे माझ्या तोंडून निघालं नाही, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मी ते पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे, कारण चांगला कागद काढायला अजूनही माझा हात धजत नाही. माळ जपून झाली, स्वयंपाक झाकून ठेवला, हे कचेरीत गेलेत. दुपारची वेळ आहे. अशाच वेळी मला खिडकीखाली घोडा उभा असल्यासारखा वाटतो. टापांचा आवाज नसतो, नुसता चामड्याचा पट्टा करकरतो, कुणीतरी हळूहळू आवळत असल्यासारखा. मी बाहेर जाऊन बघते. रस्त्यावर कुणी नसतं.

तुमचं घोडेस्वारी मंडळ होतं हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. तुम्ही जंगलखात्यातले कारकून, पगार बेताचा, आणि दर रविवारी सकाळी धुकं असतानाच धोतराचा काचा मारून माळावर हजर. जव्हार दरबारच्या पागेतून निवृत्त केलेले चार घोडे तुम्ही अर्ज करकरून मिळवले होते, आणि मोखाड्याचे व्यापारी आपली तट्टं बाजार नसेल त्या दिवशी देत. पगारी माणूस एकही नव्हता. शाळेतले ड्रॉइंगमास्तर फक्की टाकून रेघा आखत, पोस्टमास्तर निशाण धरत, आई ताक पाठवी. शिकायला येत ते जंगलातले गार्ड, देवी टोचणारे, शाळा तपासायला जाणारे, पाड्यापाड्यांवर ज्यांची फिरती असे असे सगळे. तुम्ही म्हणायचात, "चालून चालून दमलेला माणूस पाड्यावर पोचला की गरिबावर खेकसतो. घोड्यावरून गेला तर निदान दोन शब्द नीट बोलेल." मला तुम्ही बरोबर न्यायचात म्हणून पोस्टमास्तर चिडवत, "काय हो, मुलीला घोड्यावर बसवणार की काय? उद्या हीच वरात घेऊन मुलाकडे जायची!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "जाईल तेव्हा जाईल. आधी तिला घोड्याचं अंग घासून नीट खरारा करता येऊ दे." चौदा वर्षांची होते मी. घोड्यावर बसले नाही कधी, पण खरारा शिकले, आणि तो मला म्हाताऱ्यांनी शिकवला.

म्हातारे दाभोशाकडचे. जन्मभर पागेत घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार होते, म्हातारपणी घरी जाऊन भात आणि नागली करू लागले, पण रविवार आला की काळोखात निघून चालत माळावर यायचे. कुणी बोलावलेलं नसे. तुम्ही त्यांना दादा म्हणायचात, अहो-जाहो करायचात, आणि त्यावरून तुमच्या कचेरीत कुजबुज होई तरी तुम्ही सोडलं नाहीत. तंग आवळायचं काम त्यांचं. खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा तो पट्टा एकदा आवळून भागत नाही, हे मला त्यांनीच दाखवलं. "घोडं लबाड हाय पोरी. पट्टा वढला का पोट फुगवतं, लग्नात पंगतीला बसलेल्या मानसावानी. जरा चालव त्याला, वारा सुटू दे, मंग दुसऱ्यांदा वढ." मग ते घोड्याला एक फेरी मारून आणत, गुडघा टेकून पट्टा आणखी दोन भोकं वर घेत, आणि गेरूच्या वाटीत बोट बुडवून पट्ट्यावर लाल ठिपका ठेवत. तो ठिपका दिसला तरच पोस्टमास्तर घोडा सोडणार. हा नियम कागदावर तुम्ही लिहिलात, पण तो होता म्हाताऱ्यांचा. किती रविवार गेले, एकही खोगीर फिरलं नाही.

आता तो दसरा. शर्यतीला सारं जव्हार जमलं होतं, पाड्यांवरून माणसं आली होती, पाऊस नुकताच सरल्यामुळे गवत कमरेइतकं वाढलेलं आणि मधून शर्यतीची वाट कापून काढलेली. आईने ताम्हन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "घोड्यांना कुंकू लाव, झेंडूच्या माळा घाल, आणि खोगीर, लगाम, सगळ्यांची पूजा कर. आज हत्यारपात्याला कुंकू लावल्याशिवाय पुढे जाऊ नये." मी मनापासून केलं. तुम्हाला माहीत आहे, पूजेत मला घाई खपत नाही, तेव्हाही खपायची नाही. प्रत्येक घोड्याच्या कपाळाला, खुरांना, खोगिराला, रिकिबीला, ओलं कुंकू. शेवटी ती तांबडी घोडी. तिच्यावर मंडळातले एक देवी टोचणारे बसायचे होते, नवीनच लग्न झालेले, घाबरट पण हौशी. तिचं खोगीर चढवलेलं होतं, पहिला तंग झाला होता, फेरी व्हायची होती. मी वाकून पट्ट्यालाही कुंकू लावलं. आणि लावताक्षणी कळलं. बोट नेमकं त्या जागी टेकलं होतं जिथे म्हातारे गेरूचा ठिपका ठेवतात. काळपट चामड्यावर ओलं कुंकू आणि ओला गेरू, वेगळे दिसत नव्हते.

पुसायला पदर हातात घेतला होता, नाना. घेतला होता. पण सणाच्या दिवशी पूजेचं कुंकू आपल्या हाताने पुसायचं? आईने लहानपणापासून सांगितलेलं, कुंकू सांडलं तरी पुसायचं नाही, उचलून घ्यायचं. माझा हात तसाच थांबला. मनात म्हटलं, म्हाताऱ्यांना जाऊन सांगते, ते काय ते बघतील. ते पलीकडे करड्या घोड्याच्या मागच्या पायाशी बसले होते. मी दोन पावलं गेले तोवर आईने हाक मारली, "अगं, ताक कोण वाटणार?" मी वळले. ताक वाटता वाटता ढोल वाजला.

पुढचं तुम्ही पाहिलंत. पोस्टमास्तरांनी लाल ठिपका पाहून, दुसरा तंग झाला असं समजून घोडी सोडली. वळणावर खोगीर एका बाजूला गेलं, मग पोटाखाली, आणि त्या माणसाचा पाय रिकिबीत अडकलेला. फक्कीच्या रेघेवरून ती घोडी त्याला ओढत नेते आहे, पांढरी भुकटी उडते आहे, आणि आधी लोकांना वाटतं की हीही काही करामत आहे, म्हणून टाळ्या वाजतात. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. भजनात सगळे टाळी धरतात तेव्हा मी हात मांडीवर ठेवून बसते. बायकांना वाटतं मला ताल येत नाही.

देवी टोचणाऱ्यांची मांडी मोडली. जीव वाचला, पण पाय आखूड झाला आणि फिरतीची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या ओटीवर तुम्ही मंडळाची सभा घेतलीत. पोस्टमास्तर म्हणाले, "ठिपका होता. मी डोळ्यांनी पाहिला, म्हणून निशाण खाली केलं." म्हातारे पायरीवर बसले होते. म्हणाले, "म्या नाय लावला. ती घोडी माज्याकडं दुसऱ्यांदा आलीच नाय." तुम्ही म्हणालात, "मग तो ठिपका आपोआप उमटला का?" कुणीतरी हसलं. आणि तेव्हा म्हाताऱ्यांनी मान वर करून दाराकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, उजव्या हाताकडे. बोटाच्या कडेला, नखाच्या खाली, कुंकू राहिलं होतं. दोन वेळा हात धुतला तरी जात नाही ते. त्यांनी पाहिलं, आणि पुन्हा खाली बघितलं. म्हणाले, "बरं. माजाच इसर पडला आसंल."

तुम्ही उभे राहिलात. "विसर पडला? माणूस मेला असता. उद्यापासून येऊ नकोस तू."

त्यांना 'तू' म्हणालात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. ते ऐकून म्हाताऱ्यांनी तुमच्याकडे जसं पाहिलं, तसं मी कुणाला पाहताना पुन्हा बघितलं नाही. मग ते उठले आणि फाटकाबाहेर पडले. आईने "ताक तरी घेऊन जा म्हणावं" असं मला मागून म्हटलं. कळशी माझ्या हातात होती. मी हलले नाही.

तुम्ही न्यायी होतात. आख्खं जव्हार म्हणे. आपल्या माणसाला वेगळा आणि परक्याला वेगळा नियम तुम्ही कधी लावला नाहीत, हे मला माहीत होतं, म्हणूनच मी भ्याले. मी बोलले असते तर तुम्ही मला सर्वांसमोर उभं केलं असतंत, आणि म्हाताऱ्यांच्या पाया पडायला लावलं असतंत. चौदाव्या वर्षी मला ते मरणाहून वाईट वाटलं. आज वाटतं, तेवढ्यात सुटले असते.

पुढल्या वर्षी आपण मोखाड्याच्या बाजाराला गेलो होतो, आठवतं का? तुम्ही पुढे कापडाच्या दुकानात गेलात. म्हातारे रस्त्याकडेला नागली घेऊन बसले होते. मी पाहिलं नाही असं दाखवून चालले होते. त्यांनीच हाक मारली, "पोरी, घोडी बरी हाय का?" मी म्हटलं, "हो, बरी आहे." घोडी तोवर एका व्यापाऱ्याकडे गेली होती, ओझी वाहत होती. म्हातारे म्हणाले, "तिचा डावा कान हातात धरून बघत जा. थंड लागला का समज तिला बरं नाय. तुज्या बापाला सांग." मी मान हलवली. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. तापाने गेले असं एका गार्डाकडून कळलं, तेही वर्ष उलटल्यावर. मंडळ त्याआधीच बसलं होतं. म्हातारे येईनासे झाल्यावर पाड्यांवरून येणारे बाकीचेही हळूहळू थांबले, कुणी भांडलं नाही, फक्त आले नाहीत. तुम्ही काही रविवार एकटेच माळावर जाऊन उभे राहायचात. आई विचारी, "कोण आलं होतं?" तुम्ही म्हणायचात, "धुकं होतं."

शेवटच्या दुखण्यात मी माहेरी तुमच्या उशाशी होते. दुपारची वेळ. तुम्ही खाटेच्या नवारीचा पट्टा बोटांनी ओढून बघत होतात, पुन्हा पुन्हा, एकाच ठिकाणी. मी विचारलं, "नाना, काय हवं?" तुम्ही अगदी शुद्धीवर, स्पष्ट म्हणालात, "दादांना बोलाव."

"ते गेले, नाना. कधीच गेले."

तुम्ही पट्ट्यावरचं बोट काढलंत. मग म्हणालात, "मग आता विचारायचं कुणाला?"

मी तिथेच होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. 'मला विचारा', एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मी तुमच्या कपाळावर अंगारा लावला आणि विष्णुसहस्रनाम म्हणायला लागले, मोठ्याने, म्हणजे तुम्हाला आणखी काही बोलता येऊ नये. देवाच्या नावाचा असा उपयोग मी केला. देवाला हे सांगितलंय, रोज सांगते. पण देवापुढे बोलायला काही लागत नाही, तो म्हाताऱ्यांच्या बाजूने उलटून विचारत नाही.

गेल्या महिन्यात शाळेतले दोन तरुण मास्तर घरी आले. त्यांना मंडळ पुन्हा काढायचंय, रविवारी स्वतः राबणार आहेत, दरबारातून दोन घोडे मिळायची आशा आहे. म्हणाले, "बाई, तुमच्या वडिलांचे नियम तुम्हाला पाठ असतील, लिहून द्या." मी सुवाच्य अक्षरात लिहून दिले. दुसऱ्या तंगाचा नियम वाचून त्यातला एक जण म्हणाला, "वा! हे कुणाच्या डोक्यातून आलं?" मी म्हटलं, "आमच्या नानांच्या." इतक्या सहज आलं ते तोंडातून. मंडळातून तुम्ही काढलंत म्हाताऱ्यांना, पण त्यांची ही एक गोष्ट उरली होती, तीही मी काढून घेतली.

हे पत्र कुठे टाकणार? तुम्हाला ते पोचणार नाही, हे माहीत असल्यामुळेच एवढं लिहून झालं. पोचेल अशा ठिकाणी एक माणूस आहे. म्हाताऱ्यांची लेक दाभोशालाच दिली आहे, नदीजवळ घर आहे, गडी-माणसांकडून कळत असतं. तिला वाचता येत नाही, तिथे जाऊनच बोलावं लागेल. परवा आपल्या ओळखीचा गाडीवान रिकामी गाडी घेऊन तिकडेच निघाला होता. दारात थांबून म्हणाला, "बाई, दाभोशाला चाललोय, एकदा जायचं म्हणत होता ना, येता का? सांजच्याला परत आणून सोडतो." मी त्याला म्हटलं, आज माझा उपास आहे, गाडीचे धक्के सोसायचे नाहीत.

तो बरं म्हणून निघून गेला. मी आत आले आणि पोटभर जेवले, नाना. उपास नव्हता.