राहीचं वजन

६ फेब्रुवारी १९७८, मिरज
राहीला पहिलं लाल इंजेक्शन दिलं. गळ्याच्या आणि काखेच्या गाठींवर जालीम आहे म्हणे, मुंबईहून मागवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, सयाजीराव, गाठी जिरतील, पण हे औषध हृदयाला लागतं. दर इंजेक्शनाआधी कार्डिओग्राम काढायचा आणि घरी नाडी, धाप, पाय, वजन बघत राहायचं. ते समजावत होते तेव्हा खिडकीबाहेर जनरेटरच्या इंजिनाचा टॅपेट सैल होऊन टकटक वाजत होता. राहवेना. पाना मागून सेट करून आलो, तोवर त्यांचं सांगून झालं होतं. बिघडलं नाही काही. मुद्दा कळला, इंजिन ठणठणीत ठेवायचं. चौथी नापास माणूस, पण अख्ख्या कराडात नुसत्या कानानं इंजिन ओळखणारा मी एकटा.
आजपासून विडी बंद.

७ फेब्रुवारी
राहीची लघवी लाल झाली. घाबरली. मी म्हटलं, अगं, जुनं ऑइल बाहेर पडतंय. म्हणाली, "तुमाला बायकू आन इंजिन येकच." विडी एकच ओढली.

१९ एप्रिल
केस गेले, पण गाठी निम्म्यावर आल्या. कार्डिओग्राम उत्तम. तरी महिन्यातून एकदा बघून कसं भागेल? नरसाळ्याला रबरी नळी जोडून यंत्र केलं. रोज सकाळी छातीला लावतो. टायमिंग एक नंबर. राही म्हणते, "काय म्हणतंय?" मी म्हणतो, तुझं नाव घेतंय. ती म्हणते, "माजं न्हाई घ्यायचं, तुमचं घ्यायला पायजे."

११ जुलै
राहीला जिना चढताना धाप लागते. लोडवर इंजिन आवाज करणारच. झोपताना तीन उशा घेते. मी म्हटलं, हौस कर. तिची बहीण शालूबाई मुक्कामाला आली आहे. सारखी म्हणते, "दाजी, डाक्टरला दावा." बायकांना घाई फार. पुढच्या इंजेक्शनाला जायचंच आहे की.
विडी सोमवारपासून बंद.

२४ जुलै
आनंदाचा दिवस! शालूबाईची कटकट मिटवायला राहीला स्टेशनवरच्या काट्यावर उभी केली. तीन किलो वाढली! तिकिटामागं भविष्य छापलेलं: आपल्या कष्टांचे चीज होईल. हे सगळं माझ्या दूध-अंड्यांचं. वर्कशॉपात पेढे वाटले. नानासो सोनार म्हणाला, "काय रं गड्या, पोरगं झालं काय?" म्हटलं, बायको परत आली रं.
राही म्हणाली जोडवी रुततात. रुतणारच, अंग धरलंय. नानासोला नवी, मोठी जोडवी करायला सांगितली. जाड चांदीची.

२ ऑगस्ट
आज नळीतून नवाच आवाज. दोन ठोक्यांमागं हळूच तिसरा. घोडा दौडल्यासारखा. नीट ऐकलं, चूक नाही. याचा अर्थ ताकद वाढली. टॉप गिअर पडला. डॉक्टरांना चकित करायचं म्हणून आत्ता कळवत नाही.

९ ऑगस्ट, मिरज
वर्कशॉपात होतो. शालूबाईनं मला न विचारता टॅक्सी करून राहीला इथं आणलं. मागून बसनं आलो. डॉक्टरांनी राहीच्या घोट्यावर अंगठा दाबला. काढला. खड्डा तसाच राहिला.
हृदय दमलंय, म्हणून पाणी साठलंय म्हणाले. ते तीन किलो म्हणजे पाणी.
मी तिसऱ्या ठोक्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कधीपासून? सांगितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, वजन वाढलं तर त्याच दिवशी या, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सयाजीराव.
म्हटलं, तेव्हा टॅपेट वाजत होता.
नर्स म्हणाली जोडवी कापावी लागतील, बोटं काळी पडतायत. राहीनं पाय ओढून घेतला. "आवं, तुमी हाय तवर कशी काडू?" शालूबाई तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हॅक्सॉचं पातं पिशवीत असतंच माझ्या. बोटाखाली पत्र्याची पट्टी सरकवून कापली. कातडीला ओरखडासुद्धा नाही.
कापलेली जोडवी खिशात टाकून बाहेर आलो. विडी ओढायची राहून गेली.

२० ऑगस्ट
सूज उतरली. राही खाटेत दिसेनाशी झालीय. लाल इंजेक्शन कायमचं बंद, हृदय सोसायचं नाही. काखेत गाठ पुन्हा हाताला लागते. दुसरं औषध असेल की, म्हटलं. डॉक्टर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, घरी न्या.
घरी सोडतायत म्हणजे सुधारणा असणार. शालूबाईला तसं सांगितलं.

२७ ऑगस्ट, कराड
नानासोनं नवी जोडवी आणून दिली. पैसे घेतले नाहीत. राहीच्या बोटात घातली तर गळून खाली पडली. जोडव्यांना दोरा गुंडाळत बसलो. राही बघत होती.
"ऱ्हाऊ द्या आता," म्हणाली. "मला कुटं चालायचं हाय? न्हाई निसटायची."
तरी दोरा दुहेरी गुंडाळला.